उकड्या भाताच्या शिताएवढी पेस्ट

चतुर्थीला आमच्या घरात किती माणसं उतरलीत याचा हिशेब पडवीतल्या टूथब्रशांवरून लागतो. मागच्या चतुर्थीला १९ होते, दोन डब्यांत उभे, आणि खालच्या बाकावर पाच-सहा ट्यूबा. कुणाची लवंगेची, कुणाची मिठाची, कुणाची दात पांढरेशुभ्र करून देणारी, आणि डोंबिवलीहून आलेल्या चुलतभावाच्या अडीच वर्षांच्या मुलाची गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीची जमवाजमव चालू असताना वहिनीची हाक आली. पोरगा बाकाखाली बसलेला, टोपण भलतीकडेच, गाल गुलाबी, सदरा गुलाबी आणि लादीवर गंध ओढल्यासारखी एक गुलाबी रेघ. "पेस्ट खाल्ल्यान रे!" म्हणत काकी माजघरातून धावली आणि चालता चालताच फर्मान सोडलं, "मिठाचा पाणी पाजा त्येका, ओकूंदे."

माझं देवगडात मेडिकलचं दुकान आहे. त्यामुळे अशा वेळी सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतं.

मिठाचं पाणी मी आधी थांबवलं. लहान मुलाला उलटी करवण्यासाठी मीठ पाजणं हा जुना आणि घातक उपाय आहे; एवढ्याशा अंगात एकदम इतकं मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. पेस्टने झालं नसतं ते मिठाने झालं असतं. त्याला वाटीभर दूध दिलं आणि ट्यूब घेऊन हिशेबाला बसलो.

ट्यूब ८० ग्रॅमची, गाडीत कोकणकन्येतच उघडलेली. काजूगर जोखायच्या छोट्या काट्यावर ठेवली तेव्हा अंदाजे २० ग्रॅम पेस्ट कमी भरली. त्यातली निम्मी तरी लादीवर आणि सदऱ्यावर होती, पण समजा सगळीच पोटात गेली. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: फ्लोराइड ५०० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांतला एक भाग. डोक्यात ठेवायला सोपं सूत्र असं, की १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये दर ग्रॅमला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. ५०० असेल तर अर्धा. म्हणजे २० ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम.

आता दुसरी बाजू. फ्लोराइड एकदम पोटात जाऊन विषबाधेची शक्यता धरायची आणि तडक दवाखाना गाठायचा, ती पातळी वैद्यकात दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम मानतात. पोरगा १२ किलोचा, म्हणजे ६० मिलिग्रॅम. त्याच्या पोटात गेलेलं फार तर १०. अख्खी ट्यूब पिळून खाल्ली असती तरी ४० झालं असतं. यापेक्षा कमी फ्लोराइडनेही मळमळ, पोटदुखी होऊ शकते, म्हणून दूध. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि त्याचं न विरघळणारं संयुग बनतं, मग ते रक्तात फारसं उतरत नाही. पोराला काहीच झालं नाही. दुपारी त्याने दोन मोदकांचं फक्त सारण खाल्लं आणि झोपला.

पण त्याच बाकावर माझी स्वतःची ट्यूब होती. १५० ग्रॅमची, १००० पीपीएमची. तिच्यात १५० मिलिग्रॅम. त्याने गुलाबीऐवजी ती उघडली असती आणि चव आवडून ६० ग्रॅम गिळली असती, तर मी आरती सोडून गाडी काढली असती. मोठ्यांची पेस्ट झोंबते म्हणून पोरं इतकी खात नाहीत, हे आपलं नशीब. मूल वारंवार ओकत असेल, लाळ गळत असेल, पोट धरून रडत असेल, मलूल पडलं किंवा हातपाय झटकायला लागलं, किंवा किती खाल्लं याचा अंदाजच येत नसेल, तर हिशेब करत बसू नये. १०८ ला फोन लावावा आणि ट्यूब सोबत न्यावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न पीपीएमचाच विचारतील.

जेवणं झाल्यावर खळ्यात परिषद भरली. विषय एकच: ह्या केमिकलच्या पेस्टी. चुलतभावाने मोबाइल काढून फॉरवर्ड दाखवला. ट्यूबच्या तळाला, जिथे ती दाबून बंद केलेली असते तिथे, छोटा रंगीत चौकोन असतो ना, तो हिरवा असेल तर पेस्ट नैसर्गिक आणि काळा असेल तर शंभर टक्के केमिकल. माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ट्यूब उलटी करून हा चौकोन बघतंच. तो चौकोन यंत्रासाठी असतो. ट्यूबचा कागद सरकत असताना कुठे कापायचं आणि कुठे चिकटवायचं हे यंत्राच्या प्रकाश-सेन्सरला त्या ठिपक्यावरून कळतं. मागच्या रंगावर उठून दिसेल तो रंग घेतात. आतल्या मालाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नैसर्गिक आणि केमिकल या भांडणाचंच मला जरा नवल वाटतं, कारण ट्यूबच्या मागची यादी घेऊन आपल्या किनाऱ्यावरून चालत गेलं तर अर्धीअधिक यादी पायाखाली सापडते.

यादीत सगळ्यात जास्त प्रमाण असलेले घटक आधी लिहितात. आपल्याकडच्या बऱ्याच पेस्टींत सुरुवातीलाच दिसतं कॅल्शियम कार्बोनेट. ही घासणारी पूड. तिसऱ्यांची शिंपली म्हणजे हेच. पावसाळा संपता संपता किनाऱ्यावर पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं समुद्रफेन वाहून येतं, जे मुलं नखाने कोरत बसतात, तेही हेच. माकूल या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं हाड ते. समुद्रफेन जुन्या दंतमंजनांतही घालत आले आहेत. नखाने कोरलं की पीठासारखी पूड पडते आणि बोटांमध्ये चोळली की आधी मऊ, मग जराशी कचकच लागते. ती कचकचच दातावरचा चिकट थर काढते. पण समुद्रफेन प्राण्याचं, म्हणून शाकाहारी माणसाने डब्यावरची पानं-फुलं बघून निश्चिंत होऊ नये, एवढं जाता जाता.

काही पेस्टींत त्याऐवजी सिलिका असते. आमच्या लहानपणी चुलीजवळच्या नारळाच्या करवंटीत राखुंडी असायची, त्यात भाताच्या तुसाची राख. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. मग राखुंडी आणि पेस्ट एकच की, असं म्हणून आमचे एक दूरचे आजोबा अजून वाद घालतात. फरक दाण्याचा आहे. कारखान्यातली सिलिका ठरावीक बारकाईची आणि ठरावीक मऊपणाची करून घेतात, पेस्ट दाताला किती खरवडते याचं मापही असतं आणि त्याला आंतरराष्ट्रीय मानकात कमाल मर्यादा आहे. चुलीच्या राखेला माप नाही. कधी मऊ, कधी त्यात खडा. मोठ्या माणसाच्या दाताला ते वर्षानुवर्षांनी जाणवतं. दुधाच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, पक्क्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं. त्यावर राखुंडी, कोळशाची पेस्ट किंवा "चमक आणणारी" पेस्ट घासणं म्हणजे रंगवलेल्या भिंतीवर काथ्या फिरवणं. मुलांसाठी या तिन्ही गोष्टी नकोत.

मग फेस. सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव वाचून लोक दचकतात. लॉरिल हा शब्द लॉरिक ॲसिडवरून आला, आणि खोबरेल तेलातला जवळजवळ अर्धा भाग लॉरिक ॲसिड असतो. खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासून हा फेस काढणारा पदार्थ बनवतात. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही आणि विषही ठरत नाही. पेस्टमध्ये तो एक-दोन टक्के असतो, पेस्ट तोंडभर पसरवतो. काहींच्या तोंडात त्याने वारंवार फोड येतात. मुलाला असं होत असेल तर हा घटक नसलेली पेस्ट महिनाभर वापरून बघावी. फेस कमी आला म्हणून दात कमी स्वच्छ होतात असं नाही. ब्रश केल्याकेल्या कोकम सरबत प्यायलं तर ते कडूजहर लागतं, ती करामत याचीच. हा पदार्थ जिभेची गोडाची जाणीव दाबतो आणि कडवटपणा उघडा पाडतो.

पेस्ट सुकू नये म्हणून सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, पाणी आणि पूड वेगळी होऊ नये म्हणून डिंकासारखं काहीतरी, बऱ्याचदा लाल समुद्रशैवालातून काढलेलं कॅरॅजिनन. गोडीसाठी सॅकरिन. सॉर्बिटॉल आणि सॅकरिन गोड असले तरी साखर नव्हेत, दात किडवणाऱ्या जिवाणूंना त्यावर सहज पोट भरता येत नाही. काही पेस्टींत झायलिटॉल असतं. माणसाला चालतं, कुत्र्याला थोडंसंही जिवावर बेतू शकतं. बाकावर ट्यूब टाकून जाणाऱ्यांनी घरच्या मोत्याचाही विचार करावा. पांढरा रंग यावा म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड. काळबादेवी, मालगुंडच्या वाळूत जी काळी रेघ दिसते ती इल्मेनाइटची, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाची. युरोपीय संघाने २०२२ मध्ये हा पांढरा रंग खाण्याच्या पदार्थांतून काढला. पेस्ट हे काही खाणं नव्हे, पण दोन वर्षांचं पोर ती खातं हे आपण पाहिलंच. मुलाच्या पेस्टला पांढरं दिसायची गरजच काय? यादीत ते नसेल तर बरं, असलं तर ट्यूब फेकून देण्याइतकं नव्हे. ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक मात्र मुलांच्या पेस्टमध्ये मी घेऊच नका म्हणतो. हार्मोनवरच्या परिणामांच्या शंका त्याला चिकटल्या आहेत, अमेरिकेने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून ते हद्दपार केलं, आणि लहान मुलाला त्याचा असा काही खास फायदाही नाही.

राहता राहिलं फ्लोराइड. खरा वाद याचाच.

दात किडतो कसा, ते आधी बघू. आंबापोळीचा तुकडा दाढेच्या खाचेत बसला. तोंडातले जिवाणू त्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्लतेचा आकडा (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेलं खनिज परत बसवते. पाऊस भिंत पोखरतो आणि आपण दरवर्षी गिलावा मारतो, तसा हा खेळ दिवसभर चालू असतो. मूल दिवसातून दोनदा खात असेल तर गिलाव्याला वेळ मिळतो. मे महिन्यात सकाळी आंबापोळी, दहाला खाजं, अकराला सरबत, दुपारी फणसपोळी, मग करवंदं, असं चरत राहिलं तर भिंत सुकायलाच मिळत नाही. एकूण किती गोड खाल्लं याइतकंच ते किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं. आणि चिकटतं ते सरबतापेक्षा वाईट. आंबापोळी जेवणाच्या ताटातच वाढा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिवसभर पेरू नका, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. ती हसतात आणि पोरांना आंबापोळी देतात.

फ्लोराइड या गिलाव्यात मिसळतं. खनिज परत बसताना त्यात थोडं फ्लोराइड असेल तर नवा थर आधीपेक्षा चिवट होतो. तो विरघळायला ५.५ पुरत नाही, आकडा ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, पोटातून नाही. म्हणजे पेस्ट दातावर असणं कामाचं, गिळणं बिनकामाचं. ब्रश केल्यावर माडाच्या आळ्यात उभं राहून तांब्याभर पाण्याने खळाखळा चुळा भरायची आपली सवय आहे ना, तिच्यात हे फ्लोराइड माडाला जातं. फेस थुंकून टाकावा आणि निदान मुलांना तरी लगेच चुळांवर चुळा भरायला लावू नये. मोठ्यांनाही हेच लागू, पण मला स्वतःला अजून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, हे कबूल करतो.

मग भीती कशाची? दोन गोष्टींची, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

पहिली, दातांवरचे डाग. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागांचे दिसले, आणि गंमत म्हणजे ते दात किडायचे मात्र कमी. कारण कळायला १९३१ उजाडलं: पाण्यातलं फ्लोराइड. आपल्या देशात असे दात आणि वाकलेली हाडं १९३७ मध्ये नेल्लोर भागात नोंदवली गेली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांना हा त्रास ठाऊक आहे. दाताचं इनॅमल हिरडीच्या आत तयार होत असताना शरीरात फ्लोराइड जास्त झालं की पुढे येणाऱ्या दातावर पांढरे ठिपके किंवा रेघा उमटतात, फारच जास्त झालं तर तपकिरी खड्डे. पुढचे पक्के दात सहा-सात वर्षांना दिसतात, पण त्यांचं इनॅमल जन्मानंतर काही महिन्यांतच घडायला लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत घडत राहतं. नेमकी हीच वर्षं पोरं पेस्ट गिळतात. थुंकायला सांगितलं तर बाहेर जाते तेवढीच आत जाते.

दुसरी भीती मेंदूची. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रॅमचा अहवाल आला आणि फ्लोराइडमुळे मुलांची बुद्धी कमी होते अशा मथळ्यांनी मोबाइल भरून गेले. अहवाल बोलतो तो पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या ठिकाणांबद्दल, म्हणजे रोज, लिटर-लिटर पोटात जाणाऱ्या पाण्याबद्दल. तिथे कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, असं तो मध्यम खात्रीने म्हणतो. थुंकून टाकलेल्या पेस्टबद्दल तो काही सांगत नाही.

दोन्ही भीतींना उत्तर एकच, आणि ते ट्यूबच्या यादीत नसतं. ते ब्रशवर असतं.

जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर लाटेसारखी शेंडी काढून पेस्ट लावतात. ती साधारण १ ग्रॅम. १००० पीपीएमची असेल तर १ मिलिग्रॅम फ्लोराइड. दिवसातून दोनदा, सगळी गिळली तर २ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये दिवसाला, सगळ्या मार्गांनी मिळून, दर किलो वजनामागे ०.०५ मिलिग्रॅम फ्लोराइड पुरेसं धरलं. आमच्या १२ किलोच्या पोराला ०.६ होतं. जाहिरातीतली लाट त्याच्या तिप्पट-चौपट भरते. आणि तांदळाच्या दाण्याएवढी लावली तर? ती ०.१ ग्रॅम धरतात. दोनदा गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम. पेस्ट तीच, कंपनी तीच, यादी तीच.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ पासून हेच सांगितलंय: पहिला दात दिसला की लगेच सुरुवात, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आपण वाटाणा म्हणताना सांबाऱ्यातला भिजून टपोरा झालेला काळा वाटाणा डोळ्यासमोर आणू नये. कोरडा, न भिजलेला धरावा, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास जमतं.

इथे एक गाठ सोडवायला हवी. दुकानात आया हमखास विचारतात की मुलांची म्हणून वेगळी मिळते ती कमी फ्लोराइडची घेऊ की बिनफ्लोराइडची. भारतात कुठल्याही पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि किती घातलंय ते छापावं लागतं. युरोपात मोठ्यांसाठी १५०० पर्यंत चालतं. म्हणजे आपल्याकडची मोठ्यांची पेस्टही तुलनेने सौम्यच. दुसरीकडे, कीड रोखण्याचा भक्कम पुरावा १००० पीपीएमपासून पुढच्या पेस्टींचा आहे. ५०० च्या आसपासच्यांचा पुरावा कच्चा आहे. त्यामुळे माझं मत असं, की ज्या मुलाचे दात किडायला लागलेत, जे दिवसभर गोड चरतं, त्याला १००० ची पेस्ट शिताएवढी लावावी. अर्ध्या ताकदीची पेस्ट ब्रशभर लावण्यात दोन्हीकडून तोटा: गिळायला जास्त, कामाला कमी. बिनफ्लोराइडची पेस्ट म्हणजे सुगंधी घासणी. घासण्याचाही फायदा असतोच, पण तो ब्रशचा. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या, म्हणजे दाताच्याच खनिजाच्या पेस्टी आता येताहेत, त्यांचे सुरुवातीचे निकाल चांगले आहेत; फ्लोराइड नकोच म्हणणाऱ्या घरात निदान ती असावी.

आणि स्ट्रॉबेरी, चॉकलेट, बबलगमची चव मला मुळीच पसंत नाही. मुलाला झोंबू नये एवढा सौम्य पुदिना ठीक. पेस्टला खाऊची चव दिली की पोर तिला खाऊच समजणार.

घरात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर एकदा तपासून घ्यावं. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची मर्यादा आहे, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. पाण्यातच ते भरपूर असेल तर पेस्टचा निर्णय दंतवैद्याला विचारून घ्यावा. कोऱ्या चहातही फ्लोराइड असतं, चहाचं झाड ते मातीतून ओढून पानात साठवतं. बशीत ओतून पोराला दिलेल्या चहात शिताएवढ्या पेस्टपेक्षा जास्त असू शकतं. त्यावर मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

एवढं सगळं मी खळ्यात बसून सांगत होतो तेव्हा काकी तव्यावर मिश्री भाजत होती. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको: तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरडीवर फिरवायची. काकीला ही सवय लागली ती नऊ-दहा वर्षांची असताना, दाढ दुखते म्हणून तिच्या आजीने चिमूटभर लावली तेव्हा. दुखणं थांबलं, कारण निकोटिनने तोंड बधिर झाल्यासारखं वाटतं. मिश्री थांबली नाही. बिनधुराची तंबाखू माणसात कर्करोग करते, याबद्दल आता शंका उरलेली नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण बंदी कारखान्याला लागते, तव्याला कशी लागणार? आणि बाळाची हिरडी शिवशिवते म्हणून बोटावर घेऊन चोळणाऱ्या आज्या मी अजून बघतो.

दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला खरं तर स्वच्छ बोटाने दाबणं, नाहीतर थंड ओलं फडकं चावायला देणं पुरतं. लवंगेचं तेल शुद्ध स्वरूपात लावू नये. ते तोंड भाजतं आणि चमचाभर पोटात गेलं तर लहान मुलाचं यकृत धोक्यात येतं. कापूर घातलेलं दंतमंजन तर लहानांच्या हाताला लागताच कामा नये, कापराने मुलांना झटके येतात. पाठीवर "आयुर्वेदिक" लिहिलेलं असलं तरी यादी वाचायचीच, आणि यादीच नसेल, बाजारात सुटं मिळालेलं लाल मंजन असेल, तर घरी आणायचंच नाही. बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बजावलंय. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. मी ती लहानांसाठी देत नाही. गिऱ्हाईक रागावतं.

ब्रशबद्दल एकच. आपल्या पावसात टोपण लावलेला ब्रश कधी सुकत नाही, आत बुरशी धरते. उघडा, उभा, वाऱ्याला ठेवावा आणि तंतू फाकले की बदलावा. आठ वर्षांपर्यंत पोराने घासून झाल्यावर मोठ्याने एकदा हात फिरवावा, कारण मागच्या दाढांपर्यंत त्याचा हात वळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला मांडीवर घेऊन सगळ्यांना माप दाखवलं. ब्रशच्या टोकाला एवढीशी, आणि बोटाने तंतूंत दाबून बसवायची, म्हणजे गोळी निसटून थेट पोटात जात नाही. सगळे बघत होते. काकी म्हणाली, "तांदळाच्या दाण्याएवढी म्हणतंस, पण तांदूळ खयचो? उकडो की सुरय?"

सुरय म्हणजे न उकडलेला. मला आधी हसू आलं, मग उत्तर सुचेना. तिने आतून रात्रीच्या उकड्या भाताचं एक शीत आणून ब्रशशेजारी ठेवलं. माप बरोबर होतं, छापील चित्रापेक्षा बरं. तेव्हापासून आमच्याकडे तेच चालतं, आणि दुकानातही मी तेच सांगतो.

चाकरमानी गेल्यावर काकीने उरलेल्या ट्यूबा बाकावरून उचलल्या आणि पोरांचा हात पोचू नये म्हणून माजघरातल्या उंच फळीवर नेऊन ठेवल्या. मिश्रीची डबी मात्र अजून बाकावरच असते.